क्रम सोडून ठेवलेला अर्ज

पाच वाजत आले होते, खिडकीसमोर झुंबड उडाली होती आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जमा करायचा शेवटचा दिवस. अशा दिवशी आमच्या ऑफिसात फोन कोणी उचलत नाही, वाजून वाजून तो आपोआप गप्प बसतो. पण त्या दिवशी नंबरबाईंनी उचलला. मान वाकडी करून रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि हाताने शिक्के मारणं चालूच.

"बाई, मी आज पोचत नाही." पुरुषाचा आवाज होता. मी अगदी शेजारी बसते, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"नंबर सांगा."

त्याने नंबर सांगितला.

"कारण?"

पलीकडून आधी दुसराच आवाज आला. मागे एक मुलगी रडत होती. "काका, जाऊ नका ना," असं काहीतरी म्हणत होती. मग तो म्हणाला, "काम आहे."

"नोकरीचं नेहमीचं काम हे कारण धरत नाहीत. आठवड्याच्या आत अर्ज करा, पुराव्यासकट. खिडकी पाचला बंद होईल."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. भांडला नाही, गयावया केली नाही.

नंबरबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. शिक्का हातात तसाच. "हा माणूस कधी उशीर करत नाही," त्या म्हणाल्या, मला नव्हे, त्या शिक्क्याला सांगितल्यासारखं. मग पाच वाजले तसं त्यांनी शटर खाली ओढलं. बाहेर कोणीतरी धावत येऊन शटरवर हात आपटले, चार शिव्या घातल्या आणि निघून गेलं. ते आमच्याकडे नेहमीचंच आहे.

आधी या बाईंबद्दल सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल.

नंबरबाई हे काही त्यांचं नाव नाही, पोरांनी ठेवलेलं. आमच्याकडे पेपर नंबरावर तपासतात, नावावर नाही. म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की हा डीनसाहेबांचा पुतण्या की पाणीवाल्याचा मुलगा. चांगला नियम आहे. पण बाईंनी तो इतका अंगी बाणवून घेतला की त्या कोणाचं नावच घ्यायच्या नाहीत. खिडकीत उभा राहिलेला पोरगा "मॅडम, मी अमुक तमुक" म्हणायला लागला की त्या हात वर करायच्या. "नंबर." बस्स. पोरं म्हणायची, बाईंचं लग्न झालं असतं तर त्यांनी नवऱ्यालाही नंबर विचारला असता.

लग्न नव्हतं झालं. भाऊ आणि वहिनीकडे राहायच्या. त्यांचा सख्खा भाचा, लाडाकोडाचा, याच विद्यापीठात शिकायचा. एकदा तो प्रोजेक्ट घेऊन जिना चढत असताना बाईंनी शटर ओढलं. पोराने बाहेरून हाक मारली, "आत्या, मी आहे गं!" आत्याने कुलूप लावलं. त्याचे मार्क कापले गेले. मग त्याच्या आईने, म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीने... नाही, थांबा, माझाच गोंधळ होतोय. आत्या म्हणाला म्हणजे भावाचा मुलगा. तर त्या वहिनींनी कित्येक महिने नणंदेशी बोलणं टाकलं. एकाच ओट्यावर दोघी स्वयंपाक करायच्या, आणि मीठ हवं असलं तर वहिनी भिंतीला सांगायची, "मीठ संपलं वाटतं."

अशी बाई. दगडाला एक वेळ पाझर फुटेल, म्हणायचो आम्ही.

मी त्यांच्या हाताखाली, त्यांना ताई म्हणते. माझं काम अडचणीच्या अर्जांचं. प्रोजेक्ट वेळेवर दिला नाही आणि त्याला खरंच काही कारण असलं, आजारपण, अपघात, घरात मृत्यू, तर अर्ज करायचा. मग समिती बसते आणि ठरवते की उशीर माफ करायचा की नाही. समितीलाही नावं दिसत नाहीत. मी प्रत्येक अर्जाची झेरॉक्स काढते आणि जाड काळ्या मार्करने नावगाव पुसते. माझी बोटं कायम काळी. सासूबाई विचारतात, "तू विद्यापीठात आहेस की गॅरेजात?"

सबमिशनच्या आठवड्यात या शहरातल्या आज्या कशा पटापट जातात, ते आम्हालाच ठाऊक. एकाची तर एकच आजी दोनदा वारली होती. त्यामुळे समितीही निबर झालेली. अर्ज उघडायचा, पुरावा बघायचा, नसला की नामंजूर. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आणि हो, आणखी एक. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. तरी ही गोष्ट मी कितीतरी दिवस कोणाला सांगितली नाही. आता सांगते, कारण जिची आहे ती स्वतःच सांगत फिरते. दरवर्षी नव्या मुलांसमोर उभी राहून सांगते, की मी इथपर्यंत गेले होते आणि परत आले, तुम्हीही येऊ शकता. मग मी कशाला तोंडाला कुलूप लावू?

तर फोनवाला माणूस. संध्याकाळच्या वर्गाला होता. चाळिशी उलटलेला, अँब्युलन्सवर काम करणारा. वर्गातली पोरं त्याला काकाच म्हणायची. ड्यूटीच्या कपड्यांतच यायचा, खिडकी उघडली रे उघडली की रांगेत पहिला. त्याची पाठ गेली होती. स्ट्रेचर उचलून उचलून मणक्याने असहकार पुकारला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता वजन उचलणं बंद. त्यांच्याकडे नव्या लोकांना शिकवायची बसून करायची जागा होती, पण तिला डिग्री लागते. म्हणून या वयात दप्तर उचललेलं. एकदा वर्ष गेलं होतं. ही शेवटची संधी. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमच्याकडे मार्क कापत नाहीत, उशीर झाला की थेट शून्य. शून्य म्हणजे डिग्री नाही, डिग्री नाही म्हणजे जागा नाही, आणि पुन्हा स्ट्रेचर.

खिडकी पुन्हा उघडली तेव्हा तो प्रोजेक्ट घेऊन आला. व्यवस्थित बाइंड केलेला. बाईंनी त्यावर 'उशिरा' असा शिक्का मारला. त्याने अर्ज दिला. अर्जात एकच ओळ, "त्या दिवशी कामावर होतो, येता आलं नाही." पुराव्याच्या जागी रेघ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो काका, हे काय लिहिलंय? हा काय अर्ज झाला? दुसऱ्या कोणाच्या हाती तरी पाठवायचा होता प्रोजेक्ट!"

"लॉकरमध्ये होता. किल्ली माझ्या खिशात."

"मग किल्ली द्यायची कोणाला तरी!"

"हात मोकळा नव्हता," तो म्हणाला आणि हसला. "एका हाताने फोन केला तेवढाच."

"पुरावा जोडा," बाई म्हणाल्या.

"पुरावा माझा नाही, बाई. दुसऱ्याचा आहे."

यापुढे त्याने काही सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. मला मात्र रागाने रडू यायचं बाकी होतं. नियम ज्याच्या त्याच्या डोळ्यासमोर भिंतीवर चिकटवलाय, नोकरीचं नेहमीचं काम हे कारण धरलं जाणार नाही, आणि हा शहाणा नेमकं तेच लिहून देतो!

दोन दिवसांनी एक आई आली. डोळे सुजलेले, हातात मुलीचा अर्ज आणि हॉस्पिटलचं सर्टिफिकेट. खिडकीशी उभं राहून अगदी हळू म्हणाली, "हे कोण कोण वाचणार?"

"समितीतले लोक. नाव दिसणार नाही. आम्ही दोघी बघणार, आणि आमच्या तोंडून बाहेर जाणार नाही," बाई म्हणाल्या. मग स्वतः उठून दार उघडून त्यांनी त्या माउलीला आत खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. खिडकीच्या आत कोणाला बसवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती गेल्यावर नाव पुसायला मी अर्ज घेतला. त्या मुलीने स्वतःचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. शेजारणीने वेळेवर अँब्युलन्स बोलावली. सगळं तिने साध्या शब्दांत लिहिलं होतं. आणि खाली असं होतं:

"ज्या काकांनी मला आणलं ते आमच्याच विद्यापीठात शिकतात हे मला गाडीत कळलं. त्यांनाही त्याच दिवशी प्रोजेक्ट द्यायचा होता. मी त्यांचा हात सोडत नव्हते. माझी आई बाहेरगावाहून येईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मी म्हटलं, तुमचं नुकसान होईल. ते म्हणाले, खिडकी काय, उद्याही उघडते. मी त्यांच्याकडून वचन घेतलं की कॉलेजात हे कोणाला सांगायचं नाही."

माझ्या हातातला मार्कर खाली पडला. वर पाहिलं तर बाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना त्या आईला पाहिल्यावरच कळलं होतं. फोनमधलं ते रडणं त्यांच्या कानातून गेलं नव्हतं.

"ताई! हाच तो! सांगा ना समितीला!"

"काय सांगू?"

"की काका कामावर का होते ते!"

"ही गोष्ट या मुलीच्या अर्जातली आहे. त्याच्या अर्जात नाही. एकाच्या अर्जातलं दुसऱ्याच्या अर्जात न्यायचं नाही. आत्ताच त्या आईला काय शब्द दिला मी?"

"मग त्या मुलीला विचारा!"

"काय विचारू? तुझ्यामुळे एका माणसाचं वर्ष बुडतंय, परवानगी देतेस का? आत्ता? तिला? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

खरंच होतं. इकडे आड, तिकडे विहीर. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, "मग काकांना तरी फोन करा." त्या म्हणाल्या, तो शब्द मोडणार नाही, आणि मोडावा असं मी त्याला सांगणार नाही. मी म्हटलं, तुम्ही माणूस नाही, नियमाचं पुस्तक आहात. भाच्यालाही सोडलं नाहीत तुम्ही. हे बोलायला नको होतं. त्या दिवशी त्या डबा न उघडता परत घेऊन गेल्या.

समितीचा दिवस आला. निकालाचं मंडळ दुसऱ्या दिवशी सकाळी बसणार होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच दिवशी.

कामाची पद्धत अशी. अर्ज नंबराच्या क्रमाने लावायचे. मग गठ्ठा मध्यावर तोडायचा. वरचा अर्धा एका जोडीला, खालचा अर्धा दुसऱ्या जोडीला, दोन वेगळ्या खोल्यांत. म्हणजे काम लवकर उरकतं. मुलीचा नंबर वरच्या गठ्ठ्यात होता. काकांचा अगदी खाली. एकाच्या डोळ्यांना दुसरा अर्ज दिसणारच नव्हता. दुसऱ्या खोलीत कोणीतरी ती एक ओळ वाचणार, पुराव्याची रेघ बघणार, आणि पुढे.

सकाळी मी वरचा गठ्ठा उचलला, सवयीने अंगठ्याने नंबर चाळले, आणि थांबले. मुलीच्या अर्जामागे भलताच नंबर. काकांचा. मला वाटलं माझ्याच हातून चूक झाली. तो काढून खालच्या गठ्ठ्यात घालायला गेले तर बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. जोरात.

"राहू दे तिथे."

"ताई, क्रम चुकलाय."

"चुकला नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढी वर्षं क्रमाबाहेर एक कागद न ठेवलेली बाई. ओठ पांढरे पडले होते. मग माझी ट्यूब पेटली, आणि मी गठ्ठा छातीशी धरून मुकाट्याने त्यांच्या मागे निघाले.

आमच्या खोलीत दोघंजण होते. अध्यक्ष म्हणजे गणिताचे सर, भराभर कामं उरकणारे, जेवायच्या आधी संपवायचं म्हणणारे. आणि कायद्याच्या मॅडम, ज्यांना मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं. बाई समितीच्या सचिव. सचिवाने फक्त नंबर वाचायचा आणि कागद पुढे करायचा. मत द्यायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी कोपऱ्यात, निर्णय लिहून घ्यायला.

अर्ज सरकत गेले. ताप, मंजूर. लॅपटॉप बिघडला, नामंजूर. आजी, दाखला जोडलाय, मंजूर. आजी, दाखला नाही, नामंजूर.

मग त्या मुलीचा. बाईंनी नंबर वाचला. सरांनी वाचायला घेतला, आणि त्यांचा वेग पहिल्यांदा कमी झाला. मॅडमनी वाचला. सरांनी चष्मा काढून पुसला. "मंजूर. हिला हवा तेवढा वेळ द्या," ते म्हणाले. मॅडमनी नुसती मान हलवली.

आणि नेमकं त्याच क्षणी दार उघडून चहावाला आत! एकदा चहा आला की पंधरा मिनिटं गप्पा, क्रिकेट, कोणाच्या मुलाचं लग्न. त्यात ते वाचलेलं सगळं वाहून जाणार. मी उठले आणि त्याला ट्रेसकट दाराबाहेर ढकललं.

"आत्ता नको!"

"अहो, गार होईल."

"होऊ दे!"

सर चकित होऊन माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "साखर कमी होती, सर." काय सुचेल ते.

बाईंनी पुढचा नंबर वाचला. आवाज सपाट, रोजच्यासारखा.

सरांनी एक नजर टाकली. "कारण काम, पुरावा नाही. नामंजूर." पेन टेकवलं. "पुढचा."

बाईंनी पुढचा कागद हातात घेतला, पण पुढे केला नाही.

"बाई, पुढचा."

"हो, सर."

तरी हात हलेना. माझं लिहायचं पेन कागदावर टेकलेलं, 'ना' लिहून झालेला. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, तारीख बघा की, डोळे फुटलेत का! जीभ दातांखाली दाबून धरली, खरंच, दुखेपर्यंत.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. पण त्यांनी तारीख नव्हती बघितली. "हा नंबर आपल्या गठ्ठ्यातला नाही. हा इथे कसा आला?"

झालं! आता हा अर्ज उचलून दुसऱ्या खोलीत पाठवणार, आणि वर बाईंना जाब.

"मी ठेवला," बाई म्हणाल्या.

"चुकून?"

"नाही."

"मग का?"

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम."

सर खुर्चीत सरळ झाले. "सांगता येणार नाही म्हणजे? तुम्ही सचिव आहात. क्रम बदलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"कोणी नाही, सर."

बाई उभ्या होत्या. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या डोळ्यांदेखत ती बाई आयुष्यभराची पुंजी पणाला लावत होती, आणि सांगत काहीच नव्हती.

मॅडमनी सरांकडे पाहिलं नाही. त्यांनी बाजूला ठेवलेला मुलीचा अर्ज परत ओढला. मग काकांचा. एकावर बोट, दुसऱ्यावर बोट. तारीख. तारीख. मुलीच्या अर्जातली ती खालची ओळ त्यांनी पुन्हा वाचली, ओठ हलताना दिसले मला.

"सर," त्या म्हणाल्या, "हे बघा."

सरांनी बघितलं. मग म्हणाले, "पण हा अर्ज त्या अर्जात वापरता येत नाही."

"नाहीच येत. मी वाचलेलं विसरू शकत नाही, पण निर्णयात आणू शकत नाही. मात्र पुरावा अपुरा वाटला तर तो मागवायचा अधिकार आपल्याला आहे. संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दिवशी पाळी कधी संपली आणि हा माणूस कधी सुटला, एवढंच त्याच्या साहेबांनी लिहून द्यावं. रुग्णाचं नाव नको, काही नको."

सरांनी 'नामंजूर' खोडलं. मग बाईंना म्हणाले, "आणि तुम्ही क्रम बदललात ते लेखी द्या. मला ते वर कळवावं लागेल."

"देते, सर."

फोन बाईंनीच केला. काका आधी तयार होईनात. "बाई, मी शब्द दिलाय कोणालातरी."

"तो मला मोडायचा नाही. पाळी कधी संपली तेवढं हवं," बाई म्हणाल्या. "साहेबांना सांगून ठेवा. आमची मुलगी येतेय."

आमची मुलगी म्हणजे मी, दोन लेकरांची आई. स्कूटर काढली आणि सुटले. अँब्युलन्सचं ठाणं शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाटेत रस्ता खणलेला. पोचले तर साहेब बाहेर गेलेले. वाट बघत बसले, घड्याळ बघत बसले. ते आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शांत माणूस. खुर्चीवर बसून सावकाश लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी तिथेच वाचला.

"यांची पाळी दुपारी दोन वाजता संपली होती. त्यानंतर थांबणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. ते स्वतःच्या इच्छेने संध्याकाळी सातपर्यंत एका रुग्णाजवळ थांबले."

"अहो साहेब!" मी जवळजवळ किंचाळले. "असं काय लिहिता? 'थांबावं लागलं' असं लिहा ना! स्वतःच्या इच्छेने म्हटल्यावर ते म्हणतील, मग यायचं होतं की निघून!"

"थांबावं लागलं नव्हतं," ते म्हणाले. "मी त्याला जा म्हटलं होतं, बाकीचे बघतील म्हटलं होतं. तो उठला नाही. खोटं मी लिहीत नाही."

"एक शब्द बदला हो, हात जोडते!"

"ताई, उद्या हाच शब्द त्याच्या अंगलट आला तर?"

खरं बोलणारी माणसं इतकी कशी डोकं उठवतात कोण जाणे. तो कागद ब्लाउजमध्ये खोचून परत निघाले. सिग्नलला रडत होते, शेजारचा रिक्षावाला "काय झालं हो ताई?" विचारत होता. माझ्या डोक्यात एकच, आपण विष नेतोय आपल्या हाताने.

जिना धापा टाकत चढले. खिडकीतलं घड्याळ पाचाला टेकलेलं. बाई दारातच उभ्या होत्या. कागद वाचला, घडी घातली, चेहऱ्यावरून ताकास तूर लागू दिली नाही. माझा हात धरून त्या खोलीत शिरल्या.

सरांनी वाचलं आणि सुस्कारा टाकला. "संपलं. बंधनकारक नव्हतं म्हणतोय."

मॅडमनी कागद घेतला. वाचला. परत वाचला. आणि हसल्या. शपथेवर सांगते, खुदकन हसल्या.

"सर, आपला नियम काय? नोकरीचं काम हे कारण धरायचं नाही. बरोबर? पाळी दोनला संपली होती. त्यानंतर तो नोकरीवर नव्हता. मग हे नोकरीचं काम नव्हतंच! हा एक माणूस दुसऱ्या माणसाजवळ बसला होता, बस्स. आणि तसं बसायला नको होतं असं म्हणणारा नियम अजून तरी आपल्याकडे नाही."

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग पेन उचललं. मी माझ्या कागदावर 'मंजूर' लिहिलं, इतकं दाबून की खालच्या पानावरही उमटलं.

बाईंनी आपली चूक त्याच संध्याकाळी लेखी दिली. त्यांना मेमो मिळाला आणि सचिवपद गेलं. खिडकी तेवढी राहिली. मी चिडून म्हटलं, तुम्ही 'चुकून ठेवला' म्हणाला असतात तर कोणाच्या बापाला कळलं असतं? त्या म्हणाल्या, "आणि मग साहेबांच्या त्या खऱ्या कागदाला मी कुठल्या तोंडाने हात लावला असता?"

निकालाच्या दिवशी ती मुलगी आली. आईबरोबर. अंगाने निम्मी झालेली, पण पायांवर उभी. तिला तिचं मंजुरीचं पत्र दिलं. ते तिने वाचलंच नाही. खिडकीच्या गजांना धरून म्हणाली, "मॅडम, अँब्युलन्सवाल्या काकांचं काय झालं? त्यांचं माझ्यामुळे..."

"दुसऱ्याच्या अर्जाबद्दल इथे बोलत नाहीत," बाई म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पडला. ती मागे सरकून बाकावर जाऊन बसली, तोंड हातांत धरून. मी बाईंना कोपर मारलं. त्या ढिम्म. मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! एवढं सगळं केलंत आणि आता एका शब्दासाठी अडून बसलात?

तेवढ्यात काका जिना चढून वर आले, एक हात पाठीवर. मुलीला त्यांनी पाहिलं. तिनेही पाहिलं. दोघांनी ओळख दाखवली नाही. वचन होतं ना. काका खिडकीशी आले आणि सवयीने नंबर सांगायला लागले.

बाईंनी हात वर केला. थांबवलं त्यांना.

"तुमचा निकाल मोठ्याने सांगितला तर चालेल का? तुमची परवानगी हवी."

काका गोंधळले. एकदा बाईंकडे, एकदा बाकाकडे बघितलं. मग त्यांना कळलं.

"चालेल, बाई," ते म्हणाले. "चांगला मोठ्याने सांगा."

नंबरबाई उठून उभ्या राहिल्या. आणि त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं. नंबर नव्हे, नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, त्या बाकापर्यंतच काय, खाली फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, आणि म्हणाल्या, "तुम्ही पास झालात!"